चिमूटभर मीठ

परवा आमच्या सौ. शंकरपाळ्यांचे पीठ भिजवीत होत्या. दूध, तूप, साखर सारे यथास्थित पडले आणि मग त्यांनी वर चिमूटभर मीठ टाकले.

"अगं, गोडात मीठ?"

"त्याशिवाय गोडाला गोडी येत नाही!"

आणि मला एकाएकी १९८८ सालची एक काळी वडी आठवली.

तेव्हा मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो. १९८६ साली झुरिकला बेडनॉर्ट्‌झ आणि म्यूलर यांनी नवल केले होते. लँथॅनम, तांबे आणि प्राणवायू यांचे शुद्ध संयुग विजेला दाद देत नाही. पण त्यात थोडे बेरियम घालून ते खूप थंड केले की वीज त्यातून बिनविरोध वाहते. पुढच्याच वर्षी या अतिसंवाहकाचे यिट्रियमवाले भावंड निघाले. त्याला द्रव नायट्रोजनाची थंडी पुरे. मग काय, जो तो खल घेऊन बसला! आम्हीही बसलो.

माझ्या हाताखालच्या एका तरुणाकडून तांब्याच्या भुकटीत जस्त गेले. वडी भाजून द्रव नायट्रोजनात बुडवली, पण तिच्यावर लोहचुंबक काही तरंगेना. "असल्या हातांनी शास्त्र होत नसते," मी चारचौघांत त्याला म्हणालो. तो गप्प राहिला. वर्ष संपताच नोकरी सोडून गेला.

माझे शास्त्र चुकले नव्हते. जस्त तांब्याची जागा बळकावते आणि तेवढ्यापुरती अतिसंवाहकता मारते. पण पुढे वाचनात आले की, जस्त लेशमात्रच असेल तर याच मेलेल्या जागा खुंट्यांचे काम करतात. भरीव वडीत शिरलेल्या चुंबकीय रेषा त्यांना अडकतात, सरकत नाहीत. वडी अधिक बलवान चुंबक होते. अगदी निर्दोष स्फटिकात त्या रेषांना धरून ठेवणारे काहीच नसते. २०१४ साली केंब्रिजच्या मंडळींनी दोन वड्यांत १७.६ टेस्लाचे क्षेत्र कोंडले. त्या गॅडोलिनियमच्या वड्यांतही चांदी मिसळलेली होती आणि भोवती पोलादी कडे होते. एरवी स्वतःच्याच जोराने त्या तडकायच्या.

सारा प्रश्न मापाचा. त्या मुलाच्या हातून जस्त जास्त पडले, हे खरे. पण माझ्या बोलण्यात तरी मीठ चिमूटभर कुठे होते?

त्याचा पत्ता मी मिळवला आहे. पाडव्याला पत्र धाडीन म्हणतो. सोबत शंकरपाळ्यांचा डबा. मीठ सौ.नीच घातले आहे, तेव्हा मापाची काळजी नाही.