बोगद्यात रेंज नाही? नो टेन्शन!

शनिवारची मांडवी एक्स्प्रेस, खिडकीची सीट आणि थेट कुडाळ! प्लॅन एकदम झकास. फक्त या वेळी सोबत बाबा होते. आणि खरं सांगू? आमचं हल्लीचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का?’ आणि ‘हो’. अख्खा दिवस करायचं काय?

मोबाइल आहे की! पण कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे. रेंजची सारखी लपाछपी. म्हणून आदल्या रात्रीच या मार्गाची माहिती देणारी पाच-सहा पानं मी फोनवर उतरवून ठेवली. अँड्रॉइडवर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबायचे, मग खाली जाणाऱ्या बाणाचं चिन्ह. आयफोनवाल्यांनी पान रीडिंग लिस्टमध्ये टाकायचं आणि सफारीच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन सेव्ह चालू आहे ना, ते बघायचं. नुसत्या बुकमार्कने भागत नाही बरं का! तो फक्त पत्ता असतो. ‘नंतर वाचू’ म्हणून लोक जिथे लेख साठवायचे, ते पॉकेट ८ जुलै २०२५ला बंदच झालं. त्यामुळे कायमचं जपायचं पान पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. आणि निघण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकून एकदा पान उघडून बघा. उघडलं, तर जिंकलात.

उक्षी मागे पडलं आणि बाहेर काळोख झाला. संपेचना.

“केवढा गं हा बोगदा?” बाबांनी विचारलं.

मी पान उघडलं. “करबुडे. साडेसहा किलोमीटर! या मार्गावरचा सगळ्यात लांब.”

“आणखी काय लिहिलंय?”

मी वाचत गेले. रत्नागिरीनंतर पानवल नदीचा ६४ मीटर उंच पूल आला, तेव्हा दोघंही खिडकीला नाक लावून बसलो होतो. मग बाबाच सुरू झाले. १९९८मध्ये ही रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी गावी जायचं म्हणजे रात्रभर लाल एसटी. कशेडी घाटात गाडी लागायची, म्हणून आजी पिशवीत लिंबू ठेवायची. हे कुठल्याच पानावर नव्हतं.

तेवढ्यात रेंज आली. ऑफिसचे मेसेज धडाधड येऊन पडले. बाबा बोलता बोलता थांबले. “बघ, काम असेल.”

मी फोन फ्लाइट मोडवर टाकला.

“हं बाबा, मग लिंबाचं काय झालं?”