एका विहिरीचे दोन प्रत्यय

सोमाली भाषा रोमन लिपीत लिहितात असे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, मग वाचायला काय अवघड आहे! पण सी-ए-एल-आय ही चार अक्षरे समोर आली तर तुम्ही-आम्ही काय वाचू? 'काली', किंवा फार तर 'कॅली'. आणि तो असतो अली. रोमन 'सी' हे अक्षर सोमालीत अरबीतल्या 'ऐन' ह्या घशातल्या वर्णासाठी राखून ठेवले आहे. 'एक्स'चा उच्चारही 'क्स' नव्हे. तो घशातून खरवडून येणारा 'ह'. त्यामुळे एम-ए-एक्स-ए-एम-ई-डी असे भयंकर दिसणारे प्रकरण म्हणजे आपल्या चांगल्या ओळखीचे महंमद हे नाव निघते. 'प' हा वर्णच ह्या भाषेत नाही. पाकिस्तानचे बाकिस्तान होते. पण 'डी' आणि 'एच' जोडून येतात तेव्हा तो 'ध' नसून 'ड' असतो, अगदी आपला मूर्धन्य. आमच्या वर्गातल्या अमेरिकन मुलाला त्यासाठी जीभ वळवता वळवता घाम फुटला. मला काहीच करावे लागले नाही. ह्याच 'ड'ने सुरू होणारा एक शब्द आहे 'डगह', आणि त्याचा अर्थ दगड! हा निव्वळ योगायोग आहे. दोन्ही भाषांचे कूळ निराळे. सोमाली ही कुशी गटातली, अरबीची फार लांबची नातलग. तरीही त्या दिवशी तो शब्द मी वहीत दोनदा लिहिला.

ही भाषा शिकायचे कारण अगदी साधे होते. हैदराबादला एम. ए. करीत असताना वसतिगृहात शेजारच्या खोलीत दोन सोमाली विद्यार्थी राहत. त्यातला एक जण एकदा सहज म्हणाला, "आमच्या भाषेला सरकारी लिपी मिळाली ती १९७२ साली. माझ्या आजोबांनी स्वतःचे नाव लिहायला शिकले ते चाळिशीत." ज्या भाषेत ज्ञानेश्वरीला सातशेहून अधिक वर्षे झाली त्या भाषेचा मी विद्यार्थी, मला हे नीट पचेना. नोकरीला लागल्यावर अमेरिकेतील एका विद्यापीठाचा सोमाली वाचन आणि भाषांतराचा ऑनलाइन अभ्यासक्रम दिसला आणि मी नाव घातले. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. थंडीत त्यांचे घड्याळ तासाने सरकते, मग साडेसात. घरात चहाचे आधण ठेवायचे आणि वर्गात बसायचे. सोमालीत चहाला 'शाह' म्हणतात, दुकानाला 'दुकान', आणि हिशेबाला 'हिसाब'. अरबी-फारसीने दोन्ही किनाऱ्यांवर आपला माल उतरवला आहे तो असा.

वर्गात आम्ही सात जण. त्यांतले चौघे मिनियापोलिसचे. त्या शहरात आणि परिसरात अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती आहे. १९९१ साली सोमालियातले सरकार कोसळले, यादवी माजली आणि माणसे देशोधडीला लागली, त्यांची ही मुले. घरी आईशी सोमाली बोलतात, पण वाचता येत नाही. माझे उलट. मी कोश घेऊन पान वाचू शकतो, पण तोंड उघडले की सगळे हसतात. कारण ही भाषा सुरांवर चालते. 'इनन' ह्या शब्दात पहिल्या स्वरावर सूर चढवला तर मुलगा, दुसऱ्यावर चढवला तर मुलगी; लिहिताना दोन्ही सारखेच. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. ती चार मुले संदर्भ न पाहता कानानेच ओळखतात. त्यांचा मला हेवा वाटे. त्यांना माझा वाटत असे की नाही, कोण जाणे. पण आजीची जुनी पत्रे वाचायला एक मुलगी ह्या वर्गात आली होती.

लिपीची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. सोमाली माणूस लिहीत नव्हता असे नाही. धर्मशिक्षण घेतलेले लोक अरबी लिपीत मोडकेतोडके लिहीत. १९२० च्या दशकात उस्मान यूसुफ केनदीद ह्यांनी स्वतःची एक स्वतंत्र लिपी रचली. तिला 'उस्मानिया' म्हणतात. ती डावीकडून उजवीकडे जाते आणि दिसायला ना अरबी ना रोमन. पुढे १९३३ च्या सुमारास बोरामा गावच्या एका शेखांनी आणखी एक लिपी केली. १९६० साली ब्रिटिशांच्या आणि इटालियनांच्या ताब्यातले दोन प्रदेश स्वतंत्र होऊन एक झाले, तेव्हा सरकारी कागद इंग्रजीत लिहायचे की इटालियनमध्ये की अरबीत, असा घोळ होता. सोमालीत लिहावे तर कोणत्या लिपीत, ह्यावर बारा वर्षे वाद चालला. रोमन लिपीच्या विरोधकांनी तर शब्दांची छान कोटी केली होती: लॅटिन म्हणजे 'ला दीन', धर्म नसलेली! शेवटी लष्करी राजवटीने २१ ऑक्टोबर १९७२ रोजी रोमन लिपी जाहीर करून वाद मिटवला. ती राजवट पुढे फार क्रूर निघाली, हे विसरता येत नाही. पण हे काम तिच्या खात्यावर जमा आहे.

मला ह्या हकीकतीत सर्वांत भावते ती एक लहानशी गोष्ट. ज्या केनदीदांची लिपी मागे पडली, त्यांचेच चिरंजीव यासीन उस्मान केनदीद ह्यांनी १९७६ साली सोमालीचा पहिला सोमाली-सोमाली शब्दकोश सिद्ध केला, आणि तो नव्या रोमन लिपीत. वडिलांची लिपी बाजूला सारणाऱ्या अक्षरांतच मुलाने भाषेचे सारे शब्द गोळा केले. ह्यावर कोणी मोठी कादंबरी लिहायला हवी.

लिपी झाली तरी वाचणारे हवेत. १९७४ साली माध्यमिक शाळा वर्षभर बंद ठेवून पंचवीस-तीस हजार विद्यार्थी आणि शिक्षक रानोमाळ पाठवले गेले. जिथे गुरे जातील तिथे माणसे जातात असा तो समाज; फळा घेऊन उंटांच्या मागे फिरायचे. त्या मोहिमेचे घोषवाक्य मराठीत सांगायचे तर, 'येत असेल तर शिकव, येत नसेल तर शीक.' ह्यातली मौज मूळ भाषेत आहे. 'बर' म्हणजे शिकव, 'बरो' म्हणजे शीक. मराठीत मूळ क्रिया शिकण्याची. तिला 'व' जोडला की शिकवणे होते. सोमालीत मूळ क्रिया शिकवण्याची. तिला 'ओ' जोडला की स्वतःला शिकवणे, म्हणजे शिकणे होते. मी मास्तर असल्यामुळे असेल, पण हे मला सोमालीचेच बरोबर वाटते.

व्याकरणाने छळले नाही असे नाही. 'तो', 'ती' दाखवणारा प्रत्यय नामाच्या शेपटाला लागतो आणि अनेकवचनात पुष्कळदा लिंगच बदलतो. 'नाग' म्हणजे बाई (आपल्याकडच्या नागाशी संबंध नाही!), 'नागता' म्हणजे ती बाई, पण अनेकवचनी 'नागहा' झाले की प्रत्यय पुल्लिंगी. बाया जमल्या की पुरुष होतात, असे आमच्या बाई हसत सांगत. 'हल' म्हणजे एक, आणि 'हल' म्हणजे उंटीणसुद्धा. ओझ्याच्या उंटाला 'अवर', नुकत्या जन्मलेल्या पिलाला 'निरिग', आणि कळपाला 'गेल'. भाषांतर करताना मराठीत सगळा मिळून 'उंट' हा एकच शब्द आणि त्याची ओढाताण. कोकणातल्या माणसाने माशांची नावे राजस्थानात सांगावी तसे ते होते. काही ठिकाणी मात्र मराठीने हात दिला. 'अली आला' आणि 'आला तो अलीच' ह्यांतला फरक आपण 'च'ने भागवतो. सोमालीत त्यासाठी 'बा' हा छोटा शब्द आहे. इंग्रजीत वाक्य फिरवावे लागते, आपल्याला एक अक्षर पुरते.

काव्याच्या वाटेला मी अद्याप गेलेलो नाही. सोमाली कवितेत एकच आद्यवर्ण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाळायचा असतो. शंभर ओळींची कविता असली तरी. आपल्या अनुप्रासाची त्यापुढे काय कथा! ते मराठीत कसे आणावे, हा प्रश्न मी दूर ठेवला आहे.

शेवटच्या सत्रात भाषांतरासाठी बाईंनी जो उतारा दिला तो पुस्तकातला नव्हता. त्यांच्या आजीने सांगितलेली एक आठवण त्यांनी ध्वनिमुद्रित करून लिहून काढली होती. काळ १९७४-७५ चा, म्हणजे मोठ्या दुष्काळाचा. त्या दुष्काळाला 'दबडेर' म्हणतात, लांब शेपटीचा. तो संपता संपेना म्हणून. साक्षरतेसाठी गेलेली ती शाळकरी मुलेसुद्धा अखेर मदतकार्याला जुंपली गेली. आजींच्या कुळाची एक विहीर होती. सोमालियात कोरड्या दिवसांत विहीर म्हणजे जीव. ती कोणत्या कुळाची हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि तिच्यावरून माणसे मारली जातात. दुसऱ्या एका कुळाची माणसे शेळ्या घेऊन आली. शेळ्या निम्म्या उरलेल्या. आजींच्या चुलत्यांनी त्यांना अडवले आणि म्हणाले, ही 'एलकयागा'. रात्री झाडाखाली वडीलधाऱ्यांची बैठक बसली. काय बोलणे झाले ते बायकांना कळले नाही. सकाळी तेच चुलते त्या लोकांकडे गेले आणि म्हणाले, शेळ्या आणा, ही 'एलकेन्ना'. उतारा एवढाच.

'एल' म्हणजे विहीर. पुढचे दोन्ही प्रत्यय 'आम्ही'च्या षष्ठीचे आहेत. पहिल्यात ऐकणारा बाहेर आहे, दुसऱ्यात आत. मिनियापोलिसच्या मुलांनी इंग्रजी भाषांतर केले तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच शब्द आला, आणि गोष्ट नाहीशी झाली. कोणीतरी म्हातारा काल एक बोलला, आज तेच बोलला, आणि शेळ्या पाणी प्यायल्या! एकाने दुसऱ्या वाक्यात 'तुमची आणि आमची' असे घातले, दुसऱ्याने खाली टीप दिली. माझी पाळी आली तेव्हा मी मराठी वाचून दाखवले. काल: "ही आमची विहीर आहे." आज: "शेळ्या आणा, ही आपली विहीर आहे." मग प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या भाषेत हे आहे?" आहे, म्हटले. आमच्या गावात तर लहान पोरालाही 'आम्ही' कुठे संपते आणि 'आपण' कुठे सुरू होते ते शिकवावे लागत नाही.

एक अडचण मात्र मराठीची स्वतःची आहे. 'आपली' म्हणजे आदरार्थी 'तुमची'देखील होते. चुलत्यांनी विहीर देऊनच टाकली असा अर्थ कोणी काढू नये म्हणून मी थोडा विचार केला. पण शेळ्यांच्या मालकाला उभ्या उभ्या आदरार्थी बोलणारा तो म्हातारा वाटत नाही. शब्द तसाच ठेवला.

हा उतारा मी आमच्या महाविद्यालयाच्या कन्नड विभागातील मॅडमना दाखवला. त्यांनी मराठीवरून कन्नड करायला घेतले आणि दुसऱ्या वाक्याशी थांबल्या. "सर, आमच्यात दोन्हीला 'नम्म'च," त्या म्हणाल्या. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असे दोन शब्द आहेत, ते मी हैदराबादला रोज ऐकत असे, तमिळमध्येही आहेत. कन्नडने मात्र ते वेगळेपण ठेवलेले नाही. मॅडम दोन दिवस कागद घेऊन फिरल्या. 'एल्लर बावी', सर्वांची विहीर, असे एकदा लिहिले आणि खोडले. विहीर सर्वांची झाली नव्हती, ह्याच शेळीवाल्यांची झाली होती. शेवटी त्यांनी 'नमगू निमगू सेरिद बावी' असे केले, म्हणजे आम्हालाही तुम्हालाही लागणारी विहीर. वाक्य लांबले आहे. मी ते बाईंना कळवले, त्यांनी आजीला वाचून दाखवले. आजी नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना भाषांतराचे काही विशेष वाटले नाही; शेळ्या किती होत्या ते कागदात नाही, एवढेच त्या म्हणाल्या. चाळीस होत्या. दोन्ही विभागांत तो आकडा आता घातला आहे.