चौदाव्या दिवसाचा हिशेब

११ मार्च २०२०, बारामती

पुण्यातल्या त्या दांपत्याची बातमी पुन्हा वाचली. १ मार्चला दुबईहून परतले, ९ तारखेला कोरोनाच्या तपासणीत बाधित निघाले; राज्यातले हे पहिले रुग्ण. काल त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि मुंबईहून त्यांना पुण्यात सोडणारा टॅक्सीचालक, यांचेही अहवाल आले. माझं लक्ष टॅक्सीचालकावर खिळलं. दांपत्याला विषाणूनं नेमकं कोणत्या दिवशी गाठलं, कोण सांगणार? मुलगी घरातलीच, तिचा संबंध रोजचा. टॅक्सीचालकाचा संबंध मात्र एका प्रवासापुरता. १ तारखेचे गाडीतले ते काही तास, आणि नंतर त्याला पहिली कणकण जाणवली तो दिवस. या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे अधिशयन काळ. तो मोजायला इतकी स्वच्छ सुरुवात फार थोड्यांच्या बाबतीत मिळते. त्या माणसाला लवकर बरं वाटो.

१७ मार्च

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा निबंध वाचून काढला. हुबेई प्रांताबाहेर सापडलेले १८१ रुग्ण. वर्गात मी संख्याशास्त्र शिकवते, तरी हे आकडे वाचताना मन वर्गात राहिलं नाही.

त्यांनी प्रत्येक रुग्णामागे चार तारखा धरल्या आहेत. संसर्ग लवकरात लवकर कधी झाला असेल, उशिरात उशिरा कधी. लक्षण लवकरात लवकर कधी आलं असेल, उशिरात उशिरा कधी. वूहानला राहून निघालेल्या माणसाला तिथे लागण झाली असेल, तर ती शहर सोडलं त्या दिवसापर्यंतच. एवढी एक बाजू पक्की. मग या सगळ्या मागेपुढे होणाऱ्या पट्ट्यांना एकत्र बसेल असा वक्र शोधायचा.

निघालं ते असं. मध्यक ५.१ दिवस. ज्यांना लक्षणं येतात त्यांतल्या ९७.५ टक्क्यांना ती ११.५ दिवसांच्या आत येतात. चौदा दिवसांनंतर आजारी पडणारे दहा हजारांत साधारण १०१, तेही सावध गृहीतकं धरून.

इथे काळ बेरजेनं पसरत नाही, गुणाकारानं पसरतो. ५.१ ला दीडनं भागा, ३.४ येतात. दीडनं गुणा, जवळजवळ ७.७. दोन तृतीयांश माणसं या दोन आकड्यांच्या मध्ये. डावीकडची बाजू आखूड, उजवीकडची लांब, आणि पुढे शेपूट निमुळतं होत जातं. फिलिप सार्टवेल यांनी १९५० मध्येच कितीतरी रोगांत हा आकार दाखवून दिला होता.

म्हणजे विलगीकरणाची चौदा दिवसांची मुदत ही निसर्गानं आखलेली रेघ नाही. शंभरातला एखादा सुटेल हे स्वीकारून माणसांनी ती आखली आहे. वीस दिवस ठेवले तर सुटणारे आणखी कमी होतील, पण कितीतरी निरोगी हातांची मजुरी बुडेल. हा निर्णय आहे, आणि निर्णय म्हणूनच तो लोकांना समजावून सांगायला हवा. नुसता हातावर शिक्का मारून भागणार नाही.

३१ मार्च

बारामतीत पहिला रुग्ण सापडला. रिक्षा चालवणारे गृहस्थ. रिक्षात रोज किती जण बसले, कोण खोकत होतं, कोण नाही. मागच्या दोन आठवड्यांतला कोणताही दिवस त्यांचा असू शकतो. टॅक्सीचालकाच्या बाबतीत एक तारीख होती, इथे चौदा आहेत. अशा रुग्णाकडून अधिशयन काळाबद्दल फारसं काही शिकता येत नाही. पण त्यांच्या घरच्यांकडून येतं, त्यांनी काही लपवलं नाही तर.

१२ एप्रिल

राजस्थानातल्या भीलवाड्याच्या धर्तीवर गाव कडेकोट बंद. दूध, किराणा, भाजी स्वयंसेवक दारात आणून देतात. या महिन्याच्या सुरुवातीला भाजी विकणारे एक गृहस्थ बाधित निघाले, पाठोपाठ त्यांच्या घरातली माणसं. ते गेले.

आज गल्लीत एका बाईंनी मला हळूच विचारलं, "आमचा मुलगा वीस मार्चला त्या भाजीवाल्यांच्या बाजूला गेला होता, हे सांगायलाच हवं का?" मुलाला काही होत नाहीये. भीती आजाराची नव्हतीच. दारावर फलक लागेल, शेजारी बोलणं टाकतील, दूध देणारा पोरगा फाटकाशी थांबणार नाही, ही होती. मी सांगितलं, सांगा. तेवीस दिवस होऊन गेलेत, त्याला आता त्या भेटीचा धोका जवळजवळ नाही, आणि तुमच्या सांगण्यानं दुसऱ्या कुणाची तारीख पक्की होईल. त्या गेल्या खऱ्या, सांगतील की नाही कोण जाणे.

मला राहून राहून वाटतं, या सगळ्या गणिताचं यंत्र म्हणजे माणसाची आठवण आहे. तिला धाक दाखवला की ती बंद पडते.

१९ एप्रिल

कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी जायला सरकारनं परवानगी दिली. छावणीत चौदा दिवस झालेले असावेत आणि तपासणी व्हावी, ही अट. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, सगळीकडे बैलगाड्या, पालं, लेकरं. महिनाभर एकाच फडावर राहिलेल्या टोळीला हा हिशेब सोपा. ती बाहेरच्या कुणाला भेटलीच नाही.

नव्या निबंधात आणखी एक अवघड गोष्ट आली आहे. लक्षण दिसण्याच्या दोनएक दिवस आधीपासूनच माणूस विषाणू पसरवू शकतो. म्हणजे कणकण येण्याची वाट पाहून वेगळं बसणं पुरेसं नाही.

१६ मे

साथ वाढत असताना एक चकवा असतो, तो आज कागदावर मांडून पाहिला. आज आजारी दिसणाऱ्यांत नुकतीच लागण झालेल्यांचा भरणा जास्त, कारण लागण झालेलेच रोज वाढत आहेत. त्यांतले ज्यांना लवकर लक्षणं आली तेच आपल्या यादीत पोचले. ज्यांना उशिरा येणार आहेत ते अजून घरी ठणठणीत आहेत. यादी जशीच्या तशी घेतली तर काळ खऱ्याहून आखूड दिसतो. वक्र बसवताना याची दुरुस्ती करावी लागते.

रात्री इंदापूरहून वहिनीचा फोन. वाशीचा बाजार ११ तारखेपासून बंद झाल्यावर दादा गावी आलाय, त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलंय. आवाज धीराचा होता.

२२ मे

वहिनी पुन्हा. "ताई, त्यांच्या खोलीत आज पुण्याची दोघं आणून घातली. म्हणजे यांचा हिशेब पहिल्यापासनं का?"

आकडेमोड न शिकलेल्या माझ्या वहिनीनं साथीच्या शास्त्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. हो, पहिल्यापासून. दिवस शाळेत आल्यापासून मोजायचे नसतात, शेवटच्या संशयित भेटीपासून मोजायचे असतात. दादा १३ ला आला, २७ ला सुटायचा. आता नवीन दोघांपैकी एखाद्याला लागण असेल तर ५ जूनपर्यंत त्याला कुणी निर्धास्त म्हणू शकत नाही. एका वर्गात वेगवेगळ्या तारखांची माणसं ठेवली तर चौदा दिवस कधी संपतच नाहीत.

तिला म्हटलं, आशाताईंना सांग, खोल्या तारखेवार लावा. ज्या दिवशी आले ते एकत्र, समाजमंदिर मोकळं असेल तर नवीन माणसं तिकडे. ती म्हणाली, सांगते, सरपंचांच्या कानावरही घालते.

मग थोडं थांबून म्हणाली, "अजून एक हाय. ह्यांनी तारीख मागं सांगितली. आठला निघालो म्हणाले. निघाले बाराला."

का, ते मला विचारावं लागलं नाही. रान पडलंय, पाऊस तोंडावर आलाय, आणि शाळेत निजलेल्या माणसाकडे गाव कसं बघतं हे त्याला दिसतंय. चार दिवस लवकर सुटायला त्यानं चार दिवस खोटे सांगितले. मध्यक पाच दिवसांचा असेल, तर हे चार म्हणजे जवळजवळ अख्खा अधिशयन काळ पुसून टाकणं. दादाला फोन केला. रागावले नाही. म्हटलं, घरी आई आहे, पंचाहत्तरी ओलांडलेली. तुझी खरी तारीख तिच्यासाठी आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सांगतो उद्या."

२३ मे

सांगितलं. आशाताईंनी वहीतली तारीख खोडून नवी घातली, एका शब्दानं बोलल्या नाहीत. नवीन दोघांना समाजमंदिरात हलवलं. या बाईंना किती मानधन मिळतं आणि त्या किती मोलाचं काम करतात, हे कुणीतरी कधीतरी नीट मांडायला हवं.

३० जून

तुकोबांच्या पादुका आज एसटीनं पंढरपूरला गेल्या. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण नाही, बेलवाडीला घोडे धावले नाहीत. दादा बरा आहे, आईही.

२० जानेवारी २०२२

विषाणूचा नवा उपप्रकार वेगळाच निघाला. २६ नोव्हेंबरला ऑस्लोत एका कंपनीची नाताळची मेजवानी झाली, शंभराहून जास्त माणसं एका संध्याकाळी एका ठिकाणी. सगळ्यांची संसर्गाची तारीख तीच. नॉर्वेच्या संशोधकांना मध्यक मिळाला तीन दिवसांचा, पल्ला आठ दिवसांपर्यंत. पाचावरून तीनवर येणं दिसायला लहान, पण संपर्कातल्या माणसाला शोधायला मिळणारा अवधी त्यानं जवळजवळ निम्मा होतो.

दुपारी वहिनीचा फोन. या वेळी मला काही विचारावं लागलं नाही. "ताई, रविवारी हळदीकुंकू झालं आमच्याकडं. काल बुधवारी दोघींना ताप आला. कोण कोण आलं होतं ते सगळं लिहून ठेवलंय, आशाताईंना दिलंय." मी मोजलं. रविवार ते बुधवार, तीन दिवस. बाकीच्या बायकांनी पुढच्या सोमवारपर्यंत म्हाताऱ्या माणसांजवळ बसू नये, तोंडाला मास्क ठेवावा. आईला तोवर माडीवरच्या खोलीत झोपवायचं ठरलं. जेवणाचं ताट वहिनीच नेणार म्हणत होती. मी म्हटलं, तूही त्या हळदीकुंकवाला होतीस, पोराच्या हाती पाठव.