चाकणहून उमराहला निघताना

चाकणला पाळी सुटली की तळेगाव रस्त्यावरच्या टपरीवर हल्ली उमराहसोबत ई-सिमचीही चर्चा निघते. रौजा शरीफची परवानगी ‘नुसुक’ अ‍ॅपवर घ्यावी लागते, म्हणजे तिथे नेट असलेले बरे. आधी *#०६# दाबा. ‘ईआयडी’ दिसला तर फोन बहुधा ई-सिम घेतो. मग मोफत चाचणीचे ई-सिम पिंपरीतच, घरच्या वाय-फायवर टाकून पाहा. सौदीचे नेट मात्र उतरल्यावरच कळणार! चाचणीत बहुतेकदा फक्त नेट मिळते, नंबर नाही. बँकेच्या ओटीपीसाठी भारतीय सिमवर रोमिंग घ्या, त्याचा डेटा बंद ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो, होलाफ्लाय ही अ‍ॅप भारतातील स्टोअरमधून हटली, दूरसंचार विभागाचे ना-हरकत पत्र नव्हते म्हणून. विकणाऱ्याला ते विचाराच. अम्मीच्या बटणांच्या फोनला जिद्दा विमानतळावरचे साधे सिमच बरे. पासपोर्ट हाताशी ठेवा.