जुनी नौका

"बाबा, या लोकांनी जुन्या आठवणींवर किती दिवस जगायचे?" मुलाने असे विचारले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, चष्मा पुसण्याचे निमित्त करून मी ते लपविले. 'स्टार ट्रेक : पिकार्ड' या मालिकेचे २०२३ सालचे अखेरचे सत्र आम्ही पाहत होतो. वृद्ध झालेले सात सहकारी आपल्या जुन्या अवकाशनौकेच्या नियंत्रणकक्षात पुन्हा पाऊल टाकतात, तो प्रसंग. मी गहिवरलो, मुलाला ती प्रेक्षकांची खुशामत वाटली. अन्य रसिकांतही असेच दोन तट पडले होते.

हा तंटा आजचा नव्हे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत अवघे ७९ भाग चालली. ती बंद पडू नये म्हणून १९६८ च्या सुमारास प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव केला होता. अशा निष्ठावंतांपुढे १९८७ मध्ये नवी नौका आणि नवा कप्तान आला, तेव्हा पुष्कळांनी पाहण्याआधीच नाक मुरडले. पहिल्या भागात जुना डॉक्टर मॅकॉय १३७ वर्षांचा होऊन नव्या नौकेत येऊन गेला. घरातल्या वडीलधाऱ्याने नव्या सुनेला आशीर्वाद द्यावा, तसा तो प्रसंग! पण लगेच पुढच्या भागात १९६६ मधल्याच एका कथेची उजळणी झाली आणि रसिक कुरकुरले. वडिलांचे नाव सांगणे निराळे, वडिलांचे जोडे घालून मिरविणे निराळे.

माझे मन मात्र १९९२ च्या 'रेलिक्स' या भागापाशी अडते. जुन्या नौकेचा अभियंता स्कॉट पंचाहत्तर वर्षांनी जागा होतो. नव्या यंत्रशाळेत त्याची अडचणच होते. तेव्हा तो आपल्या जुन्या नियंत्रणकक्षाची हुबेहूब प्रतिमा उभी करवून तिच्यात पेला घेऊन बसतो, आणि शेवटी स्वतःच ती मिटवून टाकतो. पुढे संकटसमयी त्याचेच जुने कसब उपयोगी पडते.

हे मला का लागावे? माझा छापखाना आता मुलगा चालवितो. उभा जन्म मी तेथे खिळे जुळविले. आज संगणकापाशी जाऊन मी उगीच सूचना करतो. मुलगा काही बोलत नाही, एवढेच. देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक ठेवावेत. तेथे बिऱ्हाड करू नये, हे मला त्या परदेशी अभियंत्याने शिकविले.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलोच नाही. दुपारी मुलगाच घरी आला. हातात कागद होते.

"बाबा, देवस्थानच्या उत्सवपत्रिकेची ही मुद्रिते पाहाल का? माझी नजर चुकते."

तिसऱ्या ओळीतच तिथी चुकली होती.