भ्रूणांना रविवार नसतो

माझी मावसबहीण एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. कामावर जाताना ती परफ्यूम लावत नाही. त्या वासातली रसायनं भ्रूणाला बाधतात.

शनिवारी बीजांडं काढली की रविवारी सकाळी ताई लॅबमध्ये हवीच. शुक्राणूशी मेळ घातल्यावर 16 ते 18 तासांनी बीजांडात दोन बारीक वर्तुळं दिसली, तर फलन झालं. उशीर झाला तर ती विरून जातात.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्याकडे बॅकअप असतो, रोलबॅक असतो. तिच्यासमोर कधीकधी एका जोडप्याचं एकच बीजांड असतं. म्हणून डिशवरचं नाव ती वाचते, मग दुसरं कुणीतरी पुन्हा वाचतं. दर वेळी.

पाचव्या दिवसापर्यंत काहीच टिकलं नाही तर फोन तिलाच करावा लागतो. आठपैकी पाच, पाचपैकी दोन, आता शून्य. “त्या बाईंनी मलाच थँक्यू म्हटलं रे,” ती एकदा म्हणाली आणि जेवली नाही.

1978 मध्ये लुईस ब्राउन जन्मली, तेव्हा नाव झालं स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांचं. तो भ्रूण विभागताना सर्वांत आधी पाहणारी जीन पर्डी 1985 मध्ये, 39 व्या वर्षी गेली. ओल्डहॅममधल्या फलकावर तिचं नाव लागलं 2015 मध्ये.

हे सांगून ताईला विचारलं, वाईट नाही वाटत?

“पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्येच जातात,” ती म्हणाली. “पण ती दोन वर्तुळं आधी मी पाहिलेली असतात. आईबापांच्याही आधी.”