काळूच्या धबधब्याला जाण्यापूर्वी

प्रिय चिनू,


जुलैत माळशेजला काळूच्या धबधब्याखाली जायचं तुम्हा मित्रमंडळींचं ठरतंय, असं तू लिहिलंस आणि मत विचारलंस. जरूर जा. पण जुलैत नको, आणि धबधब्याच्या तळाशी तर नकोच. धबधबा सगळा घडतो वरच्या पठारावर. खाली उभ्या असलेल्याला त्याचा फक्त शेवट दिसतो. वरचा मुलूख ज्याने पाहिला नाही त्याला ते सौंदर्य अर्धंच कळतं आणि धोका अजिबात कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाऊस पडतो कुठे ते आधी बघ. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच टाकून देतात. माथ्यावर हजारो मिलिमीटर होणारा पाऊस ओतूर-आळेफाट्याकडे सरकता सरकता काही शे मिलिमीटरांवर येतो. काळूला पाणी मिळतं ते नेमकं त्या माथ्याच्या अरुंद पट्ट्यातून. त्याखाली कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. त्यातला घट्ट काळा पाषाण टिकून राहतो, मधला सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि वरचा पाषाण आधार सुटून तुटतो. म्हणून काळू एका उडीत न कोसळता टप्प्याटप्प्याने उतरते आणि जिथे आपटते तिथे डोह खणते. अशा कातळावर माती पातळ, उतार तीव्र आणि पाणलोट आखूड. छपरावरची सर पागोळ्यांना यायला कितीसा वेळ लागतो? इथेही तसंच होतं. वर ढग फुटला की लोंढा थोड्याच वेळात कड्यावर येतो. खालच्या डोहात पोहणाऱ्याच्या डोक्यावर त्या वेळी ऊनसुद्धा असू शकतं. पाणी एकाएकी गढूळ होणं, पालापाचोळा वाहून येणं, आवाज जड होणं या खुणा असतात खऱ्या, पण त्या दिसेपर्यंत बाहेर पडायला उरणारा वेळ फार थोडा असतो. त्यात भिजलेल्या कड्यावरून दगड सुटतात ते वेगळंच; माळशेजच्या दरडी प्रसिद्धच आहेत.

तू म्हणशील, पावसात नाही गेलं तर धबधबा बघायचा तरी काय? हा आक्षेप खरा आहे, निम्मा. जुलैतला जोर सप्टेंबरच्या अखेरीस राहत नाही. पण जुलैत बहुतेक वेळ दरी धुक्याने भरलेली असते. पाण्याचा आवाज येतो, कडा दिसत नाही. पाऊस ओसरू लागला की पठारावरच्या मातीत मुरलेलं पाणी काही आठवडे पाझरत राहतं, धार बारीक होते आणि तिच्यामागचे लाव्हाचे थर उघडे पडतात. वेळ मात्र सकाळची धरा, कारण परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो.

आणि तेव्हा वर बघण्यासारखं किती आहे! पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगडावर चढा. तारामतीचं शिखर चौदाशे मीटरांहून उंच आहे. तिथून पाण्याच्या वाटा नजरेसमोर मांडलेल्या दिसतात. पश्चिमेला उतरणारं पाणी काळूतून टिटवाळ्यावरून उल्हास नदीत आणि मग अरबी समुद्रात जातं. खिरेश्वरच्या बाजूचं पिंपळगाव जोगे धरणात थांबून कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेला मिळतं. गडाच्या माथ्यावरची मंगळगंगा मुळेत उतरते, मुळा प्रवरेत आणि प्रवरा गोदावरीत. एकाच डोंगरावर पडलेल्या एका सरीचे थेंब दोन समुद्रांना वाटले जातात. हे ज्याने वरून पाहिलं त्याला धबधबा ही पाण्याच्या तीन वाटांपैकी एक वाट वाटू लागते, आणि मला तो आनंद डोहात डुंबण्यापेक्षा मोठा वाटतो. गडाच्या कोकणकड्यावर सकाळी दरीत धुकं आणि पाठीशी ऊन असा योग आला, तर कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात नोंदवलेलं गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्रही दिसू शकतं. त्यासाठी ऊन लागतं, आणि ऐन आषाढात ते कुठून येणार?

दुसरा आक्षेप तुझे बाबा घेतील: हे सगळं कशाला, प्रशासन दर पावसाळ्यात बंदी घालतंच की. बंदी पाळावी, त्यात प्रश्नच नाही. एवढ्या दऱ्यांवर लक्ष ठेवायला माणसं पुरत नाहीत, तिथे तेवढाच उपाय हाती उरतो. पण जायचं नाही ते का, हे बंदीचा फलक सांगत नाही. एक धबधबा बंद झाला की लोक फलक नसलेल्या पुढच्या धबधब्यावर जातात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती ज्या प्रवाहात उभी होती, तो काही वेळापूर्वीपर्यंत उभं राहण्याजोगा होता. पाणी वरून येतं आणि वरचं आपल्याला दिसत नाही, एवढं एक जरी शाळेत भूगोलाच्या तासाला नीट शिकवलं, तर ते बंदीपेक्षा जास्त जीव वाचवेल असं मला मनापासून वाटतं.

गावकऱ्यांच्या पोटाचं काय, हेही तू विचारशील, आणि विचारायलाच हवं. पावसाळी गर्दीवर चहा-भजी, जेवण, वाटाड्याचं काम असं बरंच अवलंबून आहे. म्हणूनच गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला पूर्ण दिवसाचे पैसे द्या. डोहापर्यंत ने, असं मात्र म्हणू नका. ओढे कुठून येतात, पाऊस वाढला की कोणती वाट आधी बंद होते, हे त्याला विचारा. तो मागे फिरा म्हणाला की मागे फिरा.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने खुबी फाट्यावर उतरा. तिथून खिरेश्वर चालत गाठता येतं. किती जण जाताय, कोणत्या वाटेने उतरणार आहात, ते निघण्याआधी आईला लिहून दे.

तुझी,
आत्या